दोरीवरचं लुगडं

१

लालबागच्या त्या चाळीत गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत चार कामं उरकणारा एकच बाप्या होता. त्यातलं चौथं काम बघितलं असतंत, तर तुम्हीही म्हणाला असतात की गड्याचं डोकं फिरलंय.

कुशाबा उठायचा, स्टो पेटवायचा. चहा टाकायचा. मग पोरीला, दुर्गाला, दोन गुडघ्यांत धरून तिची वेणी घालायचा. ही वेणी म्हणजे एक बघण्यासारखी चीज होती. कुशाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणणारा. तुटलेला धागा जोडायला साच्यावर जी गाठ मारतात तीच तो पोरीच्या रिबिनीला मारायचा. संध्याकाळी ती सोडवताना दुर्गा अशी किंचाळायची, की शेजारच्या रखमाकाकीच्या हातातलं भांडं पडायचं.

आणि चौथं काम. ट्रंकेतून एक नऊवारी लुगडं काढायचं, मोरीत बादलीत बुचकळायचं, पिळायचं आणि गॅलरीतल्या दोरीवर सगळ्या चाळीला दिसेल असं झटकून वाळत घालायचं. विटकरी रंगाचं, काळ्या काठाचं लुगडं. त्याच्याच साच्यावर विणलेलं, एका कडेला धागा निसटलेला म्हणून स्वस्तात सुटलेलं. ते कोणी नेसलं नव्हतं. कोणी नेसणारही नव्हतं, कारण त्या खोलीत बाईमाणूस औषधालाही नव्हतं.

बायको होती एकेकाळी. शांता. दोघांचं जमलं नाही. मारहाण नाही, दारू नाही, नुसतं जमलं नाही. शिकलेल्या लोकांना ह्यासाठी वकील लागतो आणि कोर्टाच्या बाकावर झिजावं लागतं. आमच्याकडे एक काडी लागते. गावच्या गाळ्यात पंच बसले, नवराबायकोनं काडीची दोन टोकं धरली, काडी मोडली, काडीमोड झाली. शांता गावाला गेली, तिनं दुसऱ्याशी पाट लावला, सुखी झाली. तिच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही, म्हणजे मला तरी सापडलेली नाही.

राहिली दुर्गा. आठ-नऊ वर्षांची, तोंडानं तिखट, म्युनिसिपालटीच्या शाळेत पाढे म्हणणारी. तिचा निवाडा राजारामतात्यानं दिला. तात्या म्हणजे गाळ्याचा मुख्य पंच. गाळा म्हणजे समोरच्या चाळीतली मोठी खोली, जिथं एका गावचे तीस-चाळीस बाप्ये पथाऱ्या टाकून राहायचे. तात्याच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि मागे वीतभर शेंडी, तेल चोपडून. तात्याला तिचा एवढा अभिमान, की खात्यात साहेब आला तरी तो ती टोपीखाली लपवत नसे.

"पोर बापाकडे राहूदे," तात्या म्हणाला. "पण मुलीची जात. घरात बाईमाणूस पायजे. पाट लाव, बहीण आण, कोण पण आण. संक्रांत झाली की आम्ही बघायला येणार. बाई दिसली नाय तर पोर मामाकडे, गावाला."

मामा माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याकडे गुरं होती आणि शाळा नव्हती, आणि पोरी हाताशी आल्या की उजवून टाकायची त्याला घाई होती.

कुशाबाला दुसरं लग्न करायचं नव्हतं. "एक काडी मोडली, पुरे झाली," म्हणायचा. आणि बहीण त्याला नव्हतीच. मग त्यानं केली. चुलतबहीण, नाव तुळसा, विधवा. रात्रीच्या बोटीनं आली म्हणून कोणी बघितलं नाही. कमरेनं अधू म्हणून बाहेर पडत नाही. उन्हाचा त्रास म्हणून दार लोटलेलं. पुरावा काय, तर दोरीवर रोज ओलं लुगडं. आणि रात्री जेवण झालं की दुर्गा तांब्यात तोंड घालून म्हातारीसारखी खोकायची. असा बेमालूम खोकला, की रखमाकाकीनं एकदा ओव्याची पुरचुंडी आणून दिली.

"दिसता कशी रे तुझी भैण?" तिनं विचारलं. काकी मालवणकडची, भिंतीला कान लावून ऐकणारी.

"माझीच बहीण. माझ्यासारखीच दिसणार," कुशाबा म्हणाला.

लुगडं आणलं त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. कोरं कापड नेसण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावतात, एवढं त्याला आईनं केलेलं बघून ठाऊक होतं. त्यानं बोट लावलं, लुगडं दोन्ही हातांवर धरलं, आणि पोरीला हसवायला घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुळसाबाय, नेसा लुगडं! आजपासून हे घर तुमचं, ही पोर तुमची!"

दुर्गा उचकी लागेपर्यंत हसली.

२

दिवाळी सरली. थंडी पडायला लागली. एका संध्याकाळी पाळीवरून येऊन कुशाबानं लुगडं काढलं, घडी घालायला पदर हातात घेतला, आणि थांबला.

पदराच्या टोकाला हळद होती. चार बोटं आणि एक अंगठा. भाजी फोडणीला टाकून बाई पदराला हात पुसते तशी.

"दुर्गे, लुगड्याला हात पुसलेस?"

"मी? माझे हात एवढे मोठे आहेत?"

तिनं आपला पंजा त्या पिवळ्या बोटांवर ठेवला. अर्धासुद्धा भरला नाही.

कुशाबा विचारी माणूस. तो म्हणाला, हा रखमाकाकीचा चावटपणा. बाई आपला डाव ओळखून आहे आणि मजा करतेय. तो सरळ तिच्या दारात गेला.

"काकी, दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचं काम नाय."

"मेल्या, तुझ्या भैणीच्या लुगड्याक मी कशाक हात लावू? माका माझी धुणी थोडी झाली?" आणि तो वळला तसं मागून, "तिका सांग, हळदीचो डाग लिंबान जाता."

डाग लिंबानं गेला. पण दुसऱ्या आठवड्यात चुण्या आल्या. आता धुतलेल्या कापडाला सुरकुत्या असतातच, तुम्ही म्हणाल. कुशाबाही तेच म्हणाला. पण जन्मभर कापडावर डोळे लावलेल्या माणसाला कळतं की पिळ्याची सुरकुती कुठं आडवी जाते आणि नेसणीची चुणी कुठं उभी पडते. कासोटा खोचतात तिथं कापड मऊ झालं होतं. कमरेशी घामाची पांढरी रेघ होती. डाव्या खांद्याच्या जागी रंग पुसट झाला होता, जसा पदर सारखा सावरल्यावर होतो.

दोरीवर टांगून कापड उन्हानं विटतं. पण कापड झिजतं ते अंगावर.

त्यानं लुगडं नाकाशी नेलं. साबणाचा वास येत होता. खाली घामाचा, आणि त्याच्याही खाली तेलाचा, गिरणीतल्या साच्याला घालतात त्या तेलाचा. हा वास त्याच्या स्वतःच्या अंगाला रोज यायचा.

"माझ्याच हाताचा," तो मोठ्यानं म्हणाला. कोणाला म्हणाला, कोण जाणे. मोरीपुढच्या चादरीचा पडदा जरासा हलला. दार उघडं होतं, वारा होता. वाऱ्यानं पडदे हलतातच.

३

त्यानंतर एकदा तो घरी आला तर दुर्गा भिंतीला पाठ लावून बसली होती, शहाण्यासारखी. इथेच त्याला चुकल्यासारखं वाटलं. ही पोर शहाण्यासारखी कधी बसत नसे.

तिची वेणी घातलेली होती. सकाळी त्यानं घातली होती तशी वेडीवाकडी नव्हे. केसन् केस घट्ट आवळलेला, भुवया वर ओढलेल्या, डोळे ताणून चिनी बाहुलीसारखे.

"कोणी घातली ही?"

"आतेनं."

"कुठली आते?"

दुर्गानं त्याच्याकडे असं बघितलं, जसं मास्तरीण सोपं गणित चुकणाऱ्या पोराकडे बघते. "तूच आणलीस ना?"

कुशाबा हसला. "अगो, ती आपली गंमत. लोकांना दाखवायला."

"ते मला माहीतेय. तिला नाय माहीत."

तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "बोलते काय तुझ्याशी?"

"नाय बोलत. खोकते फक्त."

"दिसते कशी?"

दुर्गानं त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवली आणि त्याच्या हाताकडे बघायला लागली. त्याच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. एकदा साच्यावरचा धोटा उडून लागला होता, तेव्हा गेलं ते परत आलंच नाही. दुर्गा त्या अंगठ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सांगितलं तर तू घाबरशील."

"मी? मी घाबरतो काय कोणाला?"

"मग नको विचारू."

त्यानं वेणी सोडायला घेतली. रिबिनीला गाठ होती ती त्याचीच, साच्यावरची. पण ती त्याला सुटेना. शेवटी रिबीन कापावी लागली.

४

कुशाबानं लुगडं ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. "झाला खेळ," म्हणाला.

सकाळी लुगडं दोरीवर होतं, टपटप गळत. त्यानं कुलूप बघितलं. कुलूप जागच्या जागी होतं, आणि किल्ली पोटाला गार लागत होती.

मग त्यानं सबंध घराची झडती घेतली. घर म्हणजे काय, बारा पावलांची खोली. फळीवर डबे, कोपऱ्यात मोरी, खिळ्याला कंदील. लपायला उंदराला जागा नाही. तो मोरीत उभा राहिला. फरशी घासलेली होती. त्यानं आयुष्यात कधी घासली नव्हती इतकी स्वच्छ.

आणि आता खरी गंमत ऐका. त्याला बरं वाटायला लागलं होतं. पाळीवरून आंबून यावं तर भाकऱ्या टोपल्यात झाकलेल्या, अजून गरम. बंडीचं तुटलेलं बटण लावलेलं. आजवर पोर वाढवण्याचा सगळा भार एकट्याच्या मानेवर, आणि आता कोणीतरी एक टोक धरलं होतं. त्या टोकाला कोण आहे हे बघायचं नाही, एवढंच. पुष्कळांचे संसार असेच चालतात, मी नावं घेत नाही.

चाळही खूश. "काल दुपारी बसली होती दारामागे," रखमाकाकी म्हणाली. "बोलली नाय, पण हाताने खुणा केलान. बरी हा बाय. फक्त एक माका कळला नाय रे कुशाबा. विधवा म्हणतंस, आणि हातभर बांगड्यो वाजतत?"

कुशाबाचा हात दाराच्या चौकटीवर गेला. विधवा त्यानं सांगितली होती. बांगड्या त्यानं सांगितल्या नव्हत्या.

"काकी," तो हळू आवाजात म्हणाला, "कोऱ्या लुगड्याला हळदकुंकवाचं बोट लावतात ना?"

"लावतत."

"विधवेच्या पण?"

"कुंकू? विधवेच्या लुगड्याक कुंकू?" काकीनं कपाळावर हात मारला. "बायलांची कामा बाप्यांनी केली काय असा होता! कुंकू लावलंस तर ती विधवा कशी रवतली?" आणि त्याचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. "अरे, काय झाला?"

"काय नाय," कुशाबा म्हणाला.

त्याच दिवशी शाळेची मास्तरीण रस्त्यात भेटली. "दुर्गा आजारी आहे का? संक्रांतीआधीपासून वर्गात नाही."

तो माळे चढून धावत वर आला. दुर्गा भिंतीला पाठ लावून बसली होती. आज ती पडद्यालगत होती, आणि मान अशी ताठ, की तो दारात आला तरी तिनं नुसते डोळे फिरवले.

"शाळेत का नाय जात?"

"आते सोडत नाय."

"म्हणजे?"

"ती बाहेर पडत नाय ना. तूच सगळ्यांना सांगितलंस, ती बाहेर पडत नाय. मग मी पण नाय पडायचं." तिच्या तिखट तोंडातून आवाज कसाबसा येत होता. "वेणी धरून बसते, बाबा. तू आलास की सोडते. आज अजून नाय सोडली."

तिची वेणी खांद्यावरून मागे गेली होती, आणि पडद्याच्या फटीतून आत.

कुशाबानं पडदा खसकन ओढला. मोरीत बादली, तांब्या, घासलेली फरशी. वेणीचं टोक मोकळं, दुर्गाच्या पाठीवर आपटलेलं. गच्च मुठीत धरल्यावर केस चपटे होतात तसं चपटं झालेलं.

त्या रात्री त्यानं पोरीला कुशीत घेतलं आणि छताकडे बघत गणित मांडलं. चाळीला सांगावं की बहीण नाही, तर दुर्गा मामाकडे. न सांगावं, तर दुर्गा हिच्याकडे. गणित सोपं होतं. उत्तर दोन्हीकडून एकच येत होतं.

५

छपन्न सालचा तो जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीनं ठरवलं, आणि गिरणगावानं ठरवलं की बघू कोण देत नाही ते. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यात दगड आणि पोलिसांच्या गाड्या. अशा दिवशी भरदुपारी राजारामतात्या आणि त्याचा जोडीदार पंच, धोंडू, कुशाबाच्या दारात उभे. बाहेर राज्य बुडत असो, तात्यानं संक्रांतीनंतर येणार म्हटलं म्हणजे येणार. काळं निशाण खांद्यावर घेऊनच आला होता. ते त्यानं दाराबाहेर टेकवलं आणि शेंडीवरून हात फिरवत चटईवर बसला.

"काय रे कुशाबा, कुठाय तुळसाबाय?"

कुशाबा तोंड उघडणार, इतक्यात खाली धावपळ झाली. कोणीतरी ओरडलं. मग धाड, धाड, धाड.

"फटाके?" धोंडू म्हणाला. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला ठाऊक आहे, फटाके नव्हेत.

खिडक्या लागल्या, दारं लागली. खालून कर्ण्यावर कर्फ्यूची दवंडी आली. डोळ्यांना झोंबणारा धूर दाराखालच्या फटीतून आत शिरला. कुशाबानं फटीला ओलं फडकं लावलं, आणि खोलीत ते चौघं कोंडले गेले. चौघं म्हणायचं आपलं.

दुर्गा पडद्याला पाठ लावून बसली होती. मान ताठ.

"घाबरू नको पोरी," तात्या म्हणाला. "मुंबई आपली हाय. आपल्यापासून कोण तोडतंय बघूया. काय धोंडू?"

"तोडून दाखवूदे," धोंडू म्हणाला.

पडद्यामागे स्टो फरफरला.

कुशाबाचा स्टो त्याच्या समोर, फळीखाली होता, विझलेला. तरी पडद्यामागे फरफर होत होती. पाणी उकळलं. साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. आणि त्या सगळ्यातून बांगड्या, मनगटावर मागेपुढे घसरणाऱ्या, कामाची घाई असलेल्या बाईच्या.

"बघ, आहे की बाई," तात्या खूश होऊन म्हणाला. "लोक मला सांगत होते कुशाबा थापा मारतो."

पडद्याखालून एक ताटली सरकली. तिच्यावर दोन कप चहा. ताटली ढकलणारा हात कोपरापर्यंत दिसला आणि आत गेला. हिरव्या बांगड्या, विटकरी लुगड्याची काळी कड. आणि कडेपाशी, ताटलीच्या काठावर दाबलेला डावा अंगठा.

त्याला नख नव्हतं.

कुशाबानं आपला डावा हात मांडीखाली घेतला. का घेतला, त्याला सांगता आलं नसतं. पोरानं चोरलेला लाडू लपवावा तसा.

तात्यानं चहा भुरकला, मान तिरकी करून पडद्याच्या फटीत बघितलं, आणि गालात हसला. "अगदी तुझ्यासारखी दिसते रे! मिशी तेवढी नाय." आणि कप खाली ठेवून त्यानं तळहात मांडीवर आपटला. "झालं तर. घरात बाई आहे, पोर तुझ्याकडे. आमची ना नाय. काय धोंडू?"

"ना नाय."

सुटला की हो! महिनोन् महिने ज्यासाठी लुगडं धुतलं ते पदरात पडलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. मान हलवायची, हसायचं, कर्फ्यू उठला की पंचांना दारापर्यंत पोचवायचं.

कुशाबानं दुर्गाकडे बघितलं. ती रडत नव्हती. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती, भुवया वर ओढलेल्या, आणि तिचं डोकं हळूहळू मागे चाललं होतं. वेणी पडद्याखालून आत गेलेली. तिथं कोणीतरी ती हातावर गुंडाळत होतं, एकेक वेढा, सावकाश, बाई दोरी गुंडाळून ठेवते तशी. घर आता तिचं होतं. पोर तिची होती. कुशाबानंच तसं म्हटलं होतं, आणि आता पंचांनीही ती बाई मान्य केली होती.

साच्यावर धागे कापायची बोटभर कातर कुशाबाच्या कमरेला कायम असायची. तो उठला, पोरीच्या मानेशी वाकला, आणि कच, कच, कच, वेणी मुळाशी कापली.

पडद्यामागे सगळ्या बांगड्या एकदम फुटल्या.

दुर्गा पुढे तोंडावर आपटली, आणि त्याच क्षणी उठून बापाच्या पायांना मिठी मारून बसली. तिचे केस कानाशी आखूड, वाकडेतिकडे, गवतासारखे. तात्या चटईवरून अर्धा उठला होता.

"अरे पोरीचे केस! तुला काय वेडबीड लागलं?"

"बाई नाय माझ्या घरात!" कुशाबा ओरडला. पंचांना ओरडला का पडद्याला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. "नव्हतीच कधी! तुळसा नाय, बहीण नाय, कोण नाय. मी बनवली. तुमच्या तोंडाला घाबरून बनवली. आता नाय घाबरत. ह्या घरात मी हाय आणि माझी पोर हाय, तिसरं कोण नाय!"

तात्यानं हातातल्या कपाकडे बघितलं. चहा संपत आला होता.

"मग हा चहा कोणी..."

धोंडूनं घोट थुंकून टाकला.

"बघा की," कुशाबा म्हणाला. "सरकवा पडदा. पंच ना तुम्ही?"

तात्या हलला नाही. धोंडूनं, मागे ओढायला हात तयार ठेवून, एका बोटानं पडदा बाजूला केला. मोरीत लुगडं होतं, उभं. निऱ्या चापूनचोपून घातलेल्या, कासोटा मागे खोचलेला, पदर डोक्याच्या उंचीवर, आत काहीतरी असल्यासारखा फुगीर, आणि पाठमोरं. मग ते वळायला लागलं.

धोंडूनं पडदा सोडला. पुढचं आयुष्यभर त्याला कोणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा, की पूर्ण वळायच्या आत सोडला, देवाची कृपा.

कापडाचा ढीग पडल्याचा आवाज आला. कुशाबा आत गेला. फरशीवर लुगडं होतं, ओलं. स्टो नव्हता. काचेचा एक तुकडा नव्हता. कापलेली वेणीही नव्हती.

बाहेर धूर निवळला होता. तात्याला आपला आवाज सापडायला वेळ लागला, पण सापडला. पंचांना सापडतोच.

"खोटं बोललास. पंचांशी खोटं. आता तर पोर मामाकडेच."

"तात्या," कुशाबा म्हणाला, "मघाशी काय म्हणालात? मुंबई आपली, तोडून दाखवूदे. सभेत मुठी वळता, गोळ्या खायला छाती काढता. आणि माझ्या घरातली पोर माझ्यापासून तोडायची तर तुम्हाला एक चटई पुरते काय? न्या. माझ्या हातातनं घेऊन जिना उतरून दाखवा."

"मी नाय जाणार," दुर्गा बापाच्या पायाआडून म्हणाली. मग तिला ते कमी वाटलं असावं. "मी चावते," ती म्हणाली.

धोंडूनं जमिनीकडे बघितलं. तात्या शेंडी कुरवाळत बसला.

"बाईशिवाय मुलीचं घर चालत नाय," शेवटी तो पुटपुटला. "रीत हाय. घरात बाई पायजे."

"पायजे ना?" कुशाबानं लुगडं पिळलं, घडी घातली, आणि दोन्ही हातांवर धरून तात्यापुढे केलं. "घ्या."

"हे कशाला?"

"पुरावा. चार लोकांत ठेवा, सांगा कुशाबा कसा लबाड आहे. नायतर कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर?"

तात्या विचारात पडला. लबाडाचा मुद्देमाल हातात असावा हे त्याला पटलं. शिवाय कापड चांगलं होतं. कर्फ्यू उठला, तसं त्यानं लुगडं काखोटीला मारलं, काळं निशाण खांद्यावर घेतलं आणि जिना उतरला. त्याच्या धोतराला मागून ओलीची रेघ पडत गेली.

६

पुढचे काही दिवस कुशाबा पंचांच्या बैठकीच्या निरोपाची वाट बघत होता. निरोप आला नाही.

गिरण्या सुरू झाल्या. सकाळचा स्टो, चहा. दुर्गाच्या केसांना आता वेणीची गरज नव्हती. नुसता कंगवा फिरवला की ती शाळेत पळायची, आणि पोरं चिडवायची तर ती चावायची. रखमाकाकीनं केस बघून आधी बोटं मोडली, मग दोन दिवसांनी स्वतः तेल लावून दिलं. "तुझी आते गेली ती बरा झाला," म्हणाली. "माझ्या खिडकीतसून माका बघी." आणि दार लावून घेतलं.

एका सकाळी दुर्गा गॅलरीच्या कठड्याशी उभी राहून समोर बघत होती.

"बाबा, ये ना."

समोर गाळ्याची गॅलरी. तिथं एरवी धोतरं, बंड्या आणि लंगोट असत. बायकांचं एक फडकं त्या दोरीवर कधी कोणी बघितलं नव्हतं. आज दोरीच्या मधोमध विटकरी लुगडं होतं. झटकून, कड जुळवून घातलेलं. टपटप गळत.

आतून बाप्ये भांडत होते. "तू धुतलंस?" "मी कशाला धुवू?" "मग कोणी धुतलं?" "भाकऱ्या कोणी केल्या ते सांग आधी!" मग एकदम सगळे गप्प. आणि त्या शांततेत कोणीतरी खोकलं. म्हातारीसारखं.

गाळ्याच्या दारात राजारामतात्या बसला होता. एरवी ह्या वेळी तो रस्त्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवायचा. आज तो भिंतीला पाठ लावून शहाण्यासारखा बसला होता. मान ताठ. भुवया कपाळात चढलेल्या, डोळे ताणलेले. त्याची शेंडी कोणीतरी घट्ट, केसन् केस आवळून, वेणीसारखी विणली होती. टोकाला गाठ होती. गाठीपासून पुढे एक लांब काळी वेणी जोडलेली, बारीक, पोरीच्या केसांची. ती तात्याच्या डोक्यामागून सरळ निघून, ताणलेली, दाराच्या अंधारात गेली होती.

दुर्गानं आपल्या मानेवरचे आखूड केस चाचपले.

कुशाबानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"काय तात्या! आली ना बाई घरात?"

तात्यानं नुसते डोळे फिरवले. मान हलवायची त्याला सोय नव्हती.